उतारावरचं रडणं

माझी आई माझ्या सासूशी तीन वर्षं बोलली नाही. कारण काय, तर लग्नानंतर ती पहिल्यांदा मला भेटायला आली तेव्हा सासू रडली नाही.

आमची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे चमत्कारिक वाटेल. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारे. एके काळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारे, आता तांड्यात घरं करून शेती करणारे. आमच्यात दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालतात, एकीची फडकी, म्हणजे आरशांची ओढणी, दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतात आणि सुरात रडतात. रडता रडताच सगळी खबरबात सांगायची. कोण गेलं, कोणाला काय झालं, कोणता बैल विकला, नव्या सुनेचं तोंड कसं चालतं. सगळं सांगून झालं की नाक पुसायचं, तंबाखू काढायची आणि हसत बसायचं. एकदा पुसदच्या गाडीत माझी मावशी भेटली तर कंडक्टरनं घंटी मारून गाडीच थांबवली आणि विचारलं, "कोन वारलं वो बाई?" मी म्हटलं, "कोनी नाई, मावशी भेटली. तुम्ही तिकिटं फाडा."

तर अशा लोकांत माझी सासू रडत नव्हती. आई दिवसभर प्रवास करून आली, दारात हात पसरून उभी राहिली. सासूनं तिला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, "बसा इहीनबाई" म्हटलं आणि चुलीकडे वळली. आईनं तांब्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघताना माझ्या कानात म्हणाली, "पोरी, हे घर कोरडं हाय. जपून राहजो." घरात आम्ही गोरबोलीच बोलायचो, पण ती इथे लिहून कोणाला समजणार, म्हणून सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत आणून सांगते आहे.

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. आताही फार खाली उतरलेला नाही. मी सातवी शिकलेली, तांड्यातली एकटीच वाचता येणारी सून, आणि माझ्या आईचा असा अपमान. मी चार दिवस भांडी आपटली. सासूनं ती उचलून जागेवर ठेवली. ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच भांडत नसेल तर राग शिळ्या भाकरीसारखा हातात राहतो, धड खाववत नाही, धड टाकवत नाही.

हे सत्तावन्न सालचं. आमचा तांडा उमरखेडच्या खाली, पैनगंगेपासून कोसभर. नदीच्या पलीकडे मोगलाई, म्हणजे पूर्वीचं वेगळं संस्थान. आदल्याच वर्षी राज्यं नव्यानं जुळवली होती आणि अलीकडचे-पलीकडचे सगळे एका राज्यात आले होते. पण तांड्यातली म्हातारी माणसं अजून पलीकडे बोट दाखवून "तिकडं मोगलाईत" असंच म्हणायची.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात आधी धुकं आठवतं. सकाळी नदीकडून यायचं ते पऱ्हाटीत उतरायचं आणि कापूस कुठे संपला, धुकं कुठे सुरू झालं, कळायचं नाही. आम्ही बाया ओळीनं वेचत जायचो. पुढची दिसायची नाही, फक्त तिच्या बलियांचा, कोपरापर्यंतच्या बांगड्यांचा आवाज यायचा. त्या आवाजामागे चालताना मला वाटायचं की मी झोपेतच आहे आणि ह्या शेताला पलीकडचा बांधच नाही. सासू नेहमी नदीकडच्या शेवटच्या ओळीत असायची. मध्येच तिचा आवाज थांबायचा. मी वळून बघायची तर ती नुसती उभी, तोंड नदीकडे, हातात कापूस तसाच.

पुढच्या वर्षी सासरे गेले. तांडा जमला, बाया ऊर बडवत आल्या, आणि सासू भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. मागे बाया कुजबुजल्या, "हिची बारी झाली तं हिले कोन रडन?" मी तिची सून, माझं तिच्याशी सूत नव्हतं, तरी मला ते लागलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "मी रडीन. तुम्ही नका येऊ." माझी जीभ जागेवर राहत नाही ती अशी. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर सासूनं माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा गूळ ठेवला, आणि त्या दिवसापासून मी भांडी आपटायची सोडली.

आमच्याकडे उमरखेडचा एक मन्यार यायचा. म्हातारा मुसलमान, दाढी मेंदीनं लाल, सायकलच्या दांड्याला बांगड्यांच्या माळा. त्याला सगळे चाचा म्हणायचे. नदीच्या दोन्ही काठांचे तांडे तोच फिरायचा. आला की सासू ओट्यावर यायची आणि दर वेळी एकच विचारायची, "चाचा, नदीले पानी किती हाय?"

भर उन्हाळ्यात, नदीत नुसते गोटे उरलेले असतानासुद्धा हेच. चाचा पण सरळ उत्तर द्यायचा, घोट्याइतकं, गुडघ्याइतकं. पुढे हळूच म्हणायचा, "उस पार की छोटी ठीक है, आपा." सासू मान हलवून आत जायची.

पलीकडची छोटी म्हणजे सासूची धाकटी बहीण. तिचं सासर-माहेर नदीपलीकडे एकाच तांड्यात. दोन तांड्यांमध्ये दीड कोस वाट आणि एक उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा. लग्नं झाली, मरणं झाली, पण ही तिकडे गेली नाही, ती इकडे आली नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मावशीचा पोट्टा मोगलाईच्या धामधुमीत गेला. तवापासून मावशीनं आपलं नाव टाकलं. तू नको उकरू." मला वाटलं, असेल काही भाऊबंदकी.

साठ सालच्या हिवाळ्यात चाचा आला तेव्हा सासू शेतात होती. त्यानं माळा सोडल्याच नाहीत. मला म्हणाला, "बेटी, छोटी की आँखें गईं. खाट धरली तिनं. आठ रोज, पंधरा रोज, उससे ज्यादा नहीं. सास को ले जा."

मी म्हटलं, "नेते, पण ती जाईन का? दोघींचं वैर हाय म्हनते."

चाचानं माझ्याकडे अशी नजर टाकली की सातवी शिकल्याचा माझा सगळा तोरा उतरला. म्हणाला, "वैर कायचं? मैं उधर जाता हूँ तो वो बी यही पूछती है. नदी को पानी कितना है."

मी तशीच शेतात गेले. धुकं विरलं होतं, ऊन कोवळं होतं, वेचलेल्या कापसाचे ढीग बांधावर पडले होते. सासूला सांगितलं तशी ती ओळीच्या मध्ये खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण तिनं हातातला कापूस ओटीत नीट ठेवला आणि बोलायला लागली. तीन वर्षांत ती माझ्याशी जेवढे शब्द बोलली नसेल तेवढे त्या सकाळी बोलली.

मोगलाई जायच्या आदल्या हिवाळ्यातली, सत्तेचाळीस सालची गोष्ट. पलीकडे तिथल्या राज्याविरुद्ध पोरं उठली होती आणि पळून अलीकडे आली होती. आमच्या बाजूच्या रानात त्यांचे तळ होते. दिवसा शेतात लपायचं, दिवस कलला की नदी उतरून पलीकडची नाकी जाळायची, तारा तोडायच्या, बंदुका हिसकायच्या आणि परत यायचं. शाळेत गुरुजी आम्हाला गनिमी कावा शिकवायचे तेव्हा त्यात घोडे होते, किल्ले होते. इथे घोडा नव्हता की किल्ला नव्हता. एक उतार होता, त्याच्यावर बंदूकवाल्यांचा नाका होता, आणि अलीकडच्या उभ्या ज्वारीत पाच-सहा पोरं पोटावर पडलेली असायची. त्यांना एवढंच कळायला हवं असायचं की शिपाई नाक्यावर आहेत की जेवायला गावात गेलेत.

ते कळवायचं काम ह्या दोघी बहिणींचं होतं. सासू गवताचा भारा किंवा मिठाचं गाठोडं घेऊन उतार ओलांडायची. बहिणीला भेटायला चाललेली बाई, तिला कोण अडवतं? धाकटी पलीकडे घागर घेऊन उभी. ती सकाळपासून नाक्यावर डोळा ठेवून असायची. रस्ता मोकळा असला तर दोघी गळ्यात पडून मोठ्यानं रडायच्या, आणि ज्वारीतली पोरं उठायची. मोकळा नसला तर रडायचं नाही. गाठोडं द्यायचं, मुकाट्यानं परत फिरायचं. शिपायांना बंजारणींचं रडणं सवयीचं झालेलं. न रडणं तर कोणाच्या ध्यानातच येत नाही.

"ही अक्कल कोनाची?" मी विचारलं.

"तिच्या पोराची," सासू म्हणाली. "एकुलता एक. वीसचा होता. म्हने, मावशे, तुमी बाया फुकट रडता, जरा कामाचं रडा."

आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचं सांगताना मात्र तिचा आवाज अगदी सपाट झाला, बाजाराचा भाव सांगावा तसा.

त्या दिवशी ती उतरून गेली तेव्हा नाक्यावर कोणी दिसत नव्हतं. धाकटीनं घागर भरता भरता सांगितलं, आज नाही, शिपाई सिंदीच्या झाडांमागे लपून बसलेत. ठीक. सासूनं गाठोडं दिलं आणि वळणार तेवढ्यात धाकटीच्या तोंडातून निघून गेलं, "याडी गेली. परवा." याडी म्हणजे आई. ह्या दोघींची आई पलीकडेच होती. पहारा कडक होता म्हणून दोन दिवस निरोप पोचला नव्हता.

"मले कायचं भान, बाई," सासू म्हणाली. "आपल्यात आई मेल्यावर बहीन भेटली तं कोनी रडू थांबवते का? मी तिच्या गळ्यात पडली. तिनं माया तोंडावर हात दाबला. दोन सूर निघाले असतीन माये. तीन असतीन. तवर त्यो पान्यात उतरला होता."

पोरगा सगळ्यांच्या पुढे असायचा, कारण ती त्याच्या गावची नदी होती. मधल्या गोट्यांपर्यंत आला तेव्हा बंदुकीचे आवाज झाले. बाकीचे ज्वारीतून मागच्या मागे निसटले. सासू म्हणाली, तो पडला तसं पाणी जराही उडालं नाही, जसा कोणी थकून बसला.

नंतर मोगलाई गेली. भाषणं झाली. उमरखेडला मी एक ऐकलंसुद्धा होतं, त्यात बंदुका होत्या, जाळलेली नाकी होती, वीर जवान होते. दोन बायांचं रडणं कोणत्याच भाषणात नव्हतं, आणि बरंच झालं म्हणायचं, कारण त्यांनी त्याची काय वाट लावली असती देव जाणे.

"तवापासून रडू येत नाई का येऊ देत नाई?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"रडू गळ्यापर्यंत येते," ती म्हणाली. "मंग वाटते, मी रडली तं कोनीतरी पान्यात उतरन." ओटीतला कापूस चाचपत म्हणाली, "मले मराच्या आधी एकदा तिच्या गळ्यात पडाचं हाय. पन तिनं हात काढून घेतला तं? तिचा एकच होता वो."

मी म्हटलं, "उद्या सकाळी निघू. नवऱ्याले मी पाहून घेईन."

नवरा कुरकुरला. मावशी दारात उभं करणार नाही, लोकांत हसं होईल. मी म्हटलं, "हसणाऱ्याचे दात दिसतीन, तुमचं काय जाते?" आणि भाकरी बांधल्या.

सकाळी धुक्यातच निघालो. सासूनं पेटीतली लग्नातली फडकी काढून घेतली होती. तिचे अर्धे आरसे गळून पडले होते. ती पुढे, मी मागे. वाट तिला डोळे मिटून येत असावी, कारण धुक्यात तीच मला "इथं खड्डा हाय, इथं काटा हाय" सांगत होती. बारा-तेरा हिवाळे ती ह्या वाटेनं चालली नव्हती. मला मध्येच वाटलं की ती रोज चालते, कापूस वेचता वेचता थांबते तेव्हा इथूनच जाऊन येते.

उतारावर पाणी पोटरीइतकं होतं. मधल्या गोट्यांपाशी ती थांबली. पाणी थंडगार, पाय बधिर होत होते, आणि धुक्यामुळे दोन्ही काठ दिसत नव्हते. कुठलं राज्य, कुठली हद्द, काही नव्हतं. तिनं कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि पाण्यात सोडला. "त्याले गूळ लय आवडे," म्हणाली आणि चालायला लागली.

पलीकडे नाका अजून उभा होता. छप्पर गेलेलं, भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या, आणि आत कोणाच्या तरी बकऱ्या. एक बकरी खिडकीतून तोंड काढून आमच्याकडे बघत होती. मला हसू आलं. सासू मात्र त्या भिंतीपासून चार हात लांबून गेली.

तांड्यात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बाया दारात आल्या. कोणी ओळखलं, कोणी नाही. धाकटी अंगणात खाटेवर बसवलेली होती. केवढीशी दिसत होती. डोळे उघडे पण पांढुरके, तोंड नदीच्या दिशेनं. तिची सासरकडची पुतणी तिला भरवत होती, ती हात थांबवून उभी राहिली.

"कोन हाय?" धाकटीनं विचारलं.

सासू तिच्यापासून दोन पावलांवर उभी. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि आवाज नाही. आमच्यात बाई आली की आधी रडणं येतं, त्यावरून आंधळ्यालाही ओळखू येतं कोण आलं. इथे आवाजच निघत नव्हता. मला वाटलं आता ही वळणार आणि परत जाणार, मुकाट्यानं, जशी रस्ता मोकळा नसताना जायची.

धाकटीनं मान तिरपी केली. जरा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "नदीले पानी किती हाय?"

"पोटरीइतकं," सासू म्हणाली.

धाकटीचं तोंड वाकडं झालं. तिनं हवेत हात पुढे केले आणि चाचपडत म्हणाली, "तिथं सांगाचं नोतं वो बाई. याडीचं मी तिथं सांगाचं नोतं. मले कायची घाई झालती? तू आली नाई तवा मी समजली, मोठीनं माया दोष धरला."

सासू खाटेवर कोसळल्यासारखी बसली. तेरा वर्षं दोघी आपापल्या काठावर बसून दुसरीनं माफ करायची वाट बघत होत्या, आणि एक मन्यार पाण्याची खबर इकडून तिकडे नेत होता. मला त्या दोघींचा इतका राग आला, आणि त्या रागातच माझे डोळे वाहायला लागले.

सासूनं ती जुनी फडकी दोघींच्या डोक्यावरून ओढली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग एक सूर निघाला, फाटका, गंजलेल्या रहाटासारखा. ते याडीसाठीचं रडणं होतं, उतारावर अर्धं राहिलेलं. धाकटीनं त्यात आपला आवाज मिसळला. दुसरा सूर निघाला. तिसरा निघाला.

आणि एकदम दोघी थांबल्या.

फडकीखाली दोन्ही डोकी एकाच वेळी नदीकडे वळली. मीसुद्धा ऐकायला लागले, काय ऐकायचं ते मला ठाऊक होतं. नदीकडून बकऱ्यांच्या घंट्या ऐकू येत होत्या. कुठेतरी कोणी धुणं आपटत होतं. आणखी काही नाही.

"कोनी नाई," आंधळी धाकटी म्हणाली. "रड आता."